मॉडेल विमानाचा रिसीव्हर ट्रान्समीटरशी बाइंड करणे: आधीची तपासणी, कृती आणि नंतरच्या चाचण्या

मॉडेल विमानाचा रिसीव्हर ट्रान्समीटरशी (विमानातले संकेत घेणारे उपकरण हातातल्या रिमोटशी) बाइंड करणे, म्हणजे दोघांची ओळख जोडून देणे, हे दोन मिनिटांचे काम आहे आणि म्हणूनच ते पुष्कळदा अर्धवट सोडले जाते. रिसीव्हरवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, की काम झाले असे समजून बहुतेक जण पुढच्या जोडणीकडे वळतात. त्या क्षणी प्रत्यक्षात एवढेच झालेले असते, की रिसीव्हरने एका ट्रान्समीटरची ओळख आपल्या स्मृतीत नोंदवून घेतली आहे. संपर्क तुटला तर मोटार थांबेल का, स्टिक उजवीकडे नेल्यावर योग्य तोच सर्व्हो (विमानाचे भाग हलवणारी छोटी मोटार) योग्य त्याच दिशेला फिरेल का, विमान लांब गेल्यावर संकेत पुरतील का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दिव्यात नसते. म्हणून येथे बाइंड करण्याची कृती तर सांगितली आहेच, शिवाय तिच्या आधीची तपासणी आणि नंतरच्या चाचण्या यांचाही तपशील दिला आहे. मुख्य उदाहरण म्हणून फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ ट्रान्समीटर आणि एफएस-आयए६बी रिसीव्हर ही जोडी घेतली आहे, कारण अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या एरोमॉडेलिंग गटांत नवशिक्याच्या हाती बहुधा हीच जोडी प्रथम येते.

बाइंड करताना काय घडते

जुन्या काळी मॉडेल विमानांचे रेडिओ ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत चालत असत, आणि प्रत्येक संचाची वारंवारता त्यात बसवलेल्या क्रिस्टलवरून ठरत असे. एकाच क्रिस्टल क्रमांकाचे दोन ट्रान्समीटर एकाच मैदानावर चालू झाले, तर हवेतले विमान हमखास कोसळे. म्हणून क्लबच्या मैदानावर फळी लावलेली असे आणि आपल्या क्रमांकाची खुंटी हाती असल्याशिवाय कोणी रेडिओ चालू करत नसे. २००५ च्या सुमारास स्पेक्ट्रमच्या डीएक्स६ पासून २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ हौशी उड्डाणात आले आणि ही व्यवस्था मागे पडली. या पट्ट्यात एकाच वेळी अनेक जण उड्डाण करू शकतात, कारण प्रत्येक ट्रान्समीटरला कारखान्यातच एक स्वतंत्र ओळख-क्रमांक दिलेला असतो. ट्रान्समीटर आपल्या प्रत्येक संदेशासोबत तो क्रमांक पाठवतो, आणि रिसीव्हर फक्त आपण नोंदवलेल्या क्रमांकाचेच संदेश मानतो.

ही नोंद करून घेणे म्हणजेच बाइंड करणे. आजच्या बहुतेक प्रणालींत ट्रान्समीटर एका वारंवारतेवर टिकून राहत नाही, तो ठरलेल्या क्रमाने अनेक वाहिन्यांवर उड्या मारत राहतो. स्पेक्ट्रमच्या डीएसएमएक्स पद्धतीत अशा २३ वाहिन्या असतात. या उड्यांचा क्रमही त्या ओळख-क्रमांकाशी निगडित असतो, त्यामुळे बाइंड झाल्यावरच रिसीव्हरला पुढची उडी कोठे पडणार हे कळते. एकदा झालेली नोंद बॅटरी काढल्याने पुसली जात नाही. त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने बाइंड करण्याची मुळीच गरज नसते. ती गरज वारंवार भासत असेल, तर संचात काहीतरी दोष आहे असे समजून आधी तो शोधावा.

खरेदीपूर्वीच पाहायची गोष्ट

खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले असणे पुरेसे नाही. एकाच पट्ट्यात बोलणाऱ्या दोन कंपन्यांच्या भाषा वेगवेगळ्या असतात, आणि एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या भाषाही जुळतीलच असे नाही. फ्लायस्कायचा जुना सीटी६बी ट्रान्समीटर एएफएचडीएस पद्धतीवर चालतो, तर आय६ सोबत येणारे आयए६ किंवा आयए६बी हे रिसीव्हर एएफएचडीएस २ए पद्धतीचे आहेत. सीटी६बी आणि आयए६बी समोरासमोर ठेवून कितीही वेळ बटण दाबले, तरी त्यांची नोंद होणार नाही. फ्रस्कायमध्ये डी८, डी१६ आणि २०१९ मध्ये आलेली अॅक्सेस अशा पिढ्या आहेत. फ्युटाबामध्ये फास्ट, एस-एफएचएसएस, टी-एफएचएसएस आणि फास्टेस्ट आहेत. वापरलेला रिसीव्हर कोणाकडून स्वस्तात मिळत असेल, तर आधी त्यावरचे हे नाव वाचावे आणि आपल्या ट्रान्समीटरच्या माहितीपुस्तिकेत तेच नाव सापडते का ते पाहावे. ही दोन नावे जुळली नाहीत, तर पुढचे सारे परिश्रम व्यर्थ जातात.

याला एक अपवाद आहे. रेडिओमास्टर टीएक्स१६एस सारख्या काही ट्रान्समीटरमध्ये चार चिप असलेले मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल मिळते. त्यातील ए७१०५ ही चिप फ्लायस्कायच्या, सीवायआरएफ६९३६ ही स्पेक्ट्रमच्या, सीसी२५०० ही फ्रस्कायच्या आणि फ्युटाबा एस-एफएचएसएसच्या, तर एनआरएफ२४एल०१ ही खेळण्यातल्या अनेक स्वस्त मॉडेलांच्या भाषेत बोलते. कॉलेजच्या गटात वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने रिसीव्हर साचलेले असतील, तर असा एक ट्रान्समीटर घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. मात्र सीसी२५०० वर चालणाऱ्या पद्धती वापरताना वारंवारतेची बारीक जुळणी करून घ्यावी लागते. ती न केल्यास रिसीव्हर टेबलावर बाइंड होतो आणि थोड्या अंतरावर गेल्यावर संपर्क सोडतो.

तयारी

सर्वांत आधी प्रॉप (मोटारीवरचा पंखा) काढावा. तो सैल करून ठेवू नये किंवा हाताने धरून ठेवू नये, नट उघडून पूर्णपणे बाजूला काढावा. बाइंड होण्याच्या क्षणी रिसीव्हरकडून ईएससीला (मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाला) पहिल्यांदाच संकेत मिळतो, आणि तो संकेत कोणत्या थ्रॉटलचा, म्हणजे मोटारीच्या किती वेगाचा, असेल याची हमी त्या वेळी कोणीच देऊ शकत नाही. नव्या ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल वाहिनी (येथे वाहिनी म्हणजे एका कंट्रोलचा वेगळा संकेत, वर आलेली रेडिओ-वारंवारता नव्हे) उलटी लावलेली असेल, तर खाली ओढलेली स्टिक ईएससीला पूर्ण थ्रॉटल वाटू शकते. दहा इंची प्रॉप बोटांना किती खोल इजा करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही सूचना पुन्हा सांगावी लागत नाही.

त्यानंतर वीजपुरवठा पाहावा. ट्रान्समीटरचे सेल नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले असावेत. आय६ ला चार एए सेल लागतात, आणि मरगळलेल्या सेलवर तो चालू दिसला तरी बाइंड करताना अडखळतो. रिसीव्हरला वीज ईएससीतील बीईसीकडून (बॅटरीचे व्होल्टेज कमी करून देणाऱ्या भागाकडून), साधारणपणे पाच व्होल्टने, थ्रॉटलच्या वाहिनीतून मिळते. ग्लायडरसारख्या विमानात बीईसी नसेल, तर चार सेलचा ४.८ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक वापरता येतो. विमानाची तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते, ती कोणत्याही परिस्थितीत थेट रिसीव्हरला जोडू नये, ती नेहमी ईएससीमधूनच जावी. पहिल्या वेळी सर्व सर्व्हो काढून ठेवून फक्त ईएससी जोडावा, म्हणजे एखादा अडकलेला सर्व्हो वीज ओढून गोंधळ घालणार नाही.

सर्व्होच्या तीन तारांपैकी तपकिरी किंवा काळी ऋण, मधली लाल धन आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी संकेताची असते. रिसीव्हरवर प्रत्येक रांगेसमोर या तिन्हींची खूण छापलेली असते. ती भिंगाखाली का होईना, वाचल्याशिवाय प्लग खुपसू नये. लाल तार मध्ये असल्यामुळे प्लग उलटा बसला तरी सहसा काही जळत नाही, पण ऋण आणि संकेत यांची अदलाबदल होऊन रिसीव्हर मात्र चालू होत नाही. मग माणूस तासभर ट्रान्समीटरच्या मेनूत दोष शोधत बसतो.

दोन्ही उपकरणांत हातभर ते मीटरभर अंतर ठेवावे. काही कंपन्या याहून जवळ, अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगतात, तेथे त्यांचे ऐकावे. मात्र दोन्ही अँटेना एकमेकींना चिकटवून ठेवल्याने काम लवकर होते ही समजूत चुकीची आहे, कारण अतिशय जवळच्या जोरदार संकेताने रिसीव्हरचा पुढचा भाग भांबावतो आणि नोंद होत नाही. त्याच वेळी जवळ दुसरे कोणी बाइंड करत नसल्याची खात्री करावी, नाहीतर तुमचा रिसीव्हर शेजाऱ्याच्या ट्रान्समीटरची ओळख घेऊन बसेल.

आय६ आणि आयए६बी: प्रत्यक्ष कृती

आयए६बी सोबत एक लहानसा प्लग येतो, ज्यातील एका तारेचा वळसा दोन पिनांना जोडतो. हा बाइंड प्लग रिसीव्हरवर बी/व्हीसीसी असे लिहिलेल्या जागी बसवावा आणि ईएससीची तार तिसऱ्या वाहिनीत घालावी. ट्रान्समीटर अजून बंदच असावा. आता विमानाची बॅटरी जोडावी. रिसीव्हरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला, म्हणजे तो नोंदीसाठी तयार आहे. तो हळू लुकलुकत असेल, तर प्लग चुकीच्या रांगेत आहे किंवा नीट बसलेला नाही.

यानंतर ट्रान्समीटरची थ्रॉटल स्टिक तळाशी आणि सर्व स्विच वरच्या बाजूला ठेवावेत. पुढच्या बाजूचे बाइंड बटण दाबून धरावे आणि ते दाबलेले असतानाच पॉवर स्विच चालू करावा. पडद्यावर बाइंडिंग चालू असल्याचा संदेश दिसला की बटण सोडावे. आयए६बी माहिती परत पाठवणारा रिसीव्हर असल्याने नोंद झाल्याचे ट्रान्समीटरला लगेच कळते. काही क्षणांत तो आपोआप नेहमीच्या पडद्यावर येतो आणि रिसीव्हरचा दिवा स्थिर होतो. आयए६ हा त्याचा स्वस्त भाऊ मात्र काहीच परत पाठवत नाही. त्याच्या बाबतीत दिव्याची लुकलुक मंदावली की ट्रान्समीटर हाताने बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण आयए६ बिघडलेला समजून परत पाठवतात.

आता विमानाची बॅटरी काढावी, मग बाइंड प्लग काढावा आणि तो आठवणीने डब्यात ठेवावा. प्लग तसाच राहिला, तर पुढच्या वेळी रिसीव्हर उड्डाणाऐवजी पुन्हा नोंदीच्या तयारीत जाईल. मग आधी ट्रान्समीटर आणि नंतर विमान या क्रमाने दोन्ही चालू करावीत. बंद करताना आधी विमान, नंतर ट्रान्समीटर हा क्रम ठेवावा. दिवा स्थिर आहे आणि ट्रान्समीटरच्या पडद्यावर रिसीव्हरचे व्होल्टेज दिसत आहे, एवढे झाले म्हणजे नोंद पक्की झाली.

इतर कंपन्यांच्या पद्धती

स्पेक्ट्रमच्या अनेक रिसीव्हरमध्येही बाइंड प्लग लागतो आणि तो बॅटरी-बाइंड असे लिहिलेल्या जागी जातो. काही नव्या रिसीव्हरवर त्याऐवजी बटण असते. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्पेक्ट्रमचा रिसीव्हर नोंद होताना थ्रॉटल स्टिक जेथे असेल ती स्थिती लक्षात ठेवतो आणि संपर्क तुटल्यावर थ्रॉटल त्या स्थितीवर नेतो. म्हणून बाइंड करताना स्टिक तळाशी असणे हा केवळ शिस्तीचा भाग नाही, तुमचे फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचे ते, त्याच क्षणी ठरते. विमानाची सर्व जुळवणी झाल्यावर स्पेक्ट्रमचा रिसीव्हर पुन्हा एकदा बाइंड करावा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण मधल्या काळात थ्रॉटलची दिशा किंवा मर्यादा बदललेली असू शकते.

फ्युटाबाच्या एस-एफएचएसएस रिसीव्हरमध्ये प्लग लागत नाही. ट्रान्समीटर चालू करून जवळ ठेवावा, रिसीव्हरला वीज द्यावी आणि त्यावरचे छोटे बटण दोन सेकंदांहून अधिक दाबून धरावे. लाल दिवा लुकलुकून हिरवा झाला की नोंद झाली. फ्रस्कायच्या डी१६ मध्ये ट्रान्समीटरच्या मॉडेल मेनूतून बाइंड निवडतात आणि रिसीव्हरचे एफ/एस बटण दाबून धरून त्याला वीज देतात. अॅक्सेस पद्धतीत याच्या आधी रिसीव्हरची एकदा नोंदणी करावी लागते, त्यानंतरचे बाइंड पडद्यावरूनच होते.

एक्सप्रेसएलआरएस ही खुली प्रणाली गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरली आहे आणि तिची रीत वेगळी आहे. येथे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर या दोहोंत एकच बाइंडिंग फ्रेज, म्हणजे आपण निवडलेला शब्दसमूह, भरता येतो. त्या शब्दांपासून सहा बाइटची ओळख तयार होते, आणि ती दोन्हीकडे सारखी असली की बटण, प्लग काहीच लागत नाही. फ्रेज साधी ठेवू नये. एकाच मैदानावरच्या दोघांनी तोच सोपा शब्द ठेवला, तर त्यांचे रिसीव्हर एकमेकांचे संकेत मानू लागतील. फ्रेज भरलेली नसेल, तर रिसीव्हरला तीन वेळा लागोपाठ वीज द्यायची व काढायची. तिसऱ्यांदा वीज दिल्यावर दिवा दोन-दोनदा लुकलुकू लागतो, आणि मग ट्रान्समीटरच्या एक्सप्रेसएलआरएस मेनूतून बाइंड दाबायचे. संपर्क न मिळता मिनिटभर गेला, की रिसीव्हर स्वतःचे वाय-फाय चालू करतो आणि दिवा फार वेगाने लुकलुकतो. ही नोंदीची तयारी नव्हे, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावे. दोन्हीकडच्या फर्मवेअरचा (उपकरणात भरलेल्या सॉफ्टवेअरचा) मुख्य आवृत्ती क्रमांकही एकच असावा लागतो, म्हणजे २ च्या मालिकेतला ट्रान्समीटर ३ च्या मालिकेतल्या रिसीव्हरशी बोलत नाही.

याच प्रणालीचे कमी वारंवारतेवर चालणारे संच घेताना भारतातील नियम पाहणे आवश्यक आहे. २.४ गिगाहर्ट्झचा २.४०० ते २.४८३५ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. परदेशी दुकानांत मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल मात्र येथे चालवू नये, कारण भारतात ८९० ते ९१५ हा भाग मोबाइल सेवेचा आहे आणि हा पट्टा तुमच्यासाठी मोकळा नाही. कमी वारंवारतेचा भारतीय पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. एक्सप्रेसएलआरएसच्या फर्मवेअरमध्ये त्यासाठी आयएन८६६ हा वेगळा पर्याय दिलेला आहे आणि तो ट्रान्समीटर व रिसीव्हर दोन्हींत निवडावा लागतो. नवशिक्या विमानचालकाला डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर उडवायचे असल्याने २.४ गिगाहर्ट्झ पूर्णपणे पुरेसे आहे.

नोंद होत नसेल तर

दिवा लुकलुकतच राहिला, तर सर्वप्रथम पद्धतींची नावे पुन्हा जुळवावीत, आणि त्यानंतर प्रदेशाप्रमाणे बदलणारे फर्मवेअर तपासावे. युरोपात २०१५ पासून लागू झालेल्या नियमांमुळे तेथील रेडिओंना बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का हे ऐकावे लागते. त्यामुळे फ्रस्कायचा युरोपीय फर्मवेअर असलेला रिसीव्हर आणि आंतरराष्ट्रीय फर्मवेअर असलेला ट्रान्समीटर दिसायला अगदी सारखे असूनही बाइंड होत नाहीत. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या रिसीव्हरच्या बाबतीत हे कारण अनेकदा निघते. दोघांवर एकाच प्रदेशाचे फर्मवेअर चढवले की अडचण सुटते.

त्यापुढचा संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. मल्टिमीटरने रिसीव्हरच्या रिकाम्या वाहिनीतील लाल व काळ्या पिनांमधले व्होल्टेज मोजावे. पाचच्या आसपास अपेक्षित असताना ते चारच्या खाली दिसत असेल, किंवा सर्व्हो जोडताच झपकन उतरत असेल, तर दोष बीईसीचा किंवा तारेचा आहे. स्पेक्ट्रमच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये मधेच वीज गेल्याची खूण म्हणून दिवा हळूहळू लुकलुकत राहतो. असा दिवा उड्डाणानंतर दिसला, तर तो विमान खाली सुखरूप आले यावर न थांबता वीजपुरवठा तपासण्याचा इशारा समजावा.

काही वेळा नोंद झालेली असते, तरी विमान हलत नाही. फ्रस्काय आणि एक्सप्रेसएलआरएस यांच्यात ट्रान्समीटरमधील प्रत्येक मॉडेलला (एका विमानासाठी जतन केलेल्या मांडणीला) वेगळा रिसीव्हर क्रमांक देण्याची सोय आहे, म्हणजे ग्लायडरचे मॉडेल निवडलेले असताना ट्रेनर विमान चालू होणार नाही. ही सोय अतिशय चांगली आहे आणि ती चालूच ठेवावी. पण मेनूत मॉडेलची प्रत काढताना क्रमांक बदलला, तर दिवा जोडणी झाल्याचे दाखवतो आणि सर्व्हो मात्र गप्प राहतात. एक्सप्रेसएलआरएसचा रिसीव्हर अशा वेळी दिवा तीनदा लुकलुकवून थांबतो. आय६ मध्ये अशी सोय नसल्याने, पडद्यावरचे मॉडेलचे नाव मोठ्याने वाचूनच विमान चालू करण्याची सवय लावून घ्यावी.

वाहिन्या, दिशा आणि ईएससी

फ्लायस्कायमध्ये पहिली वाहिनी एलेरॉनची (पंखांच्या मागच्या कडेवरच्या पट्ट्या), दुसरी एलिव्हेटरची (शेपटीची आडवी पट्टी), तिसरी थ्रॉटलची आणि चौथी रडरची (शेपटीची उभी पट्टी) असते. स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिल्या वाहिनीवर असते. स्पेक्ट्रमचा रिसीव्हर काढून फ्लायस्कायचा बसवताना तारा होत्या त्याच क्रमाने लावल्या, तर एलेरॉनची स्टिक हलवताच मोटार फिरेल. प्रॉप काढून ठेवण्याचे महत्त्व येथे पुन्हा दिसते. एक्सप्रेसएलआरएसच्या हायब्रिड आणि वाइड स्विच मोडमध्ये पाचवी वाहिनी फक्त चालू-बंद अशी असते, म्हणून तेथे दुसरा एलेरॉन किंवा फ्लॅप जोडू नये.

दिशा तपासताना विमानाच्या मागे, त्याच्या शेपटीकडे उभे राहावे. स्टिक उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर उचलला गेला पाहिजे, एलिव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढल्यावर एलिव्हेटर वर गेला पाहिजे आणि रडरची स्टिक उजवीकडे नेल्यावर रडरची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे. उलटे होत असेल, तर ट्रान्समीटरमधील रिव्हर्स मेनूत ती एक वाहिनी उलटवावी. ट्रान्समीटर किंवा रिसीव्हर बदलला असेल, तर ईएससीची थ्रॉटल मर्यादाही नव्याने शिकवावी. बहुतेक ईएससींमध्ये त्यासाठी स्टिक पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची आणि बीप ऐकू आल्यावर स्टिक तळाशी आणायची असते. फ्लायस्कायचा ट्रान्समीटर नव्याने लावल्यावर ईएससी सतत बीप देत राहिला, तर बहुतेक वेळा त्याला तळाची स्थिती ओळखता आलेली नसते आणि ही जुळणी केल्यावर तो शांत होतो.

फेलसेफ

हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि सर्वांत जास्त अपघात येथेच टळू शकतात. संपर्क तुटल्यावर रिसीव्हरने काय करावे, हे आपण आधी ठरवून द्यायचे असते. ठरवून दिले नाही, तर कंपनीच्या मूळ रचनेप्रमाणे काहीही होऊ शकते, त्यात शेवटचाच संकेत धरून ठेवणेही आले. पूर्ण थ्रॉटलवर असलेले विमान त्या स्थितीत संपर्क गमावून उडत राहिले, तर ते मैदानाबाहेरच्या माणसांवर जाऊ शकते.

आय६ मध्ये ओके बटण दाबून धरून मेनू उघडावा, सिस्टिममध्ये जाऊन आरएक्स सेटअप आणि त्यात फेलसेफ निवडावे. तिसरी वाहिनी उघडून ती चालू करावी, थ्रॉटल स्टिक आणि तिचा ट्रिम (स्टिकजवळची बारीक जुळणीची कळ) दोन्ही तळाशी ठेवावेत, आणि ही स्थिती कायम ठेवूनच कॅन्सल बटण दाबून धरावे. आय६ मध्ये कॅन्सल दाबून धरल्यानेच बदल जतन होतो. इतर यंत्रांवरच्या सवयीने ओके दाबून बाहेर आलेला माणूस फेलसेफ लावले असे समजतो आणि काहीच जतन झालेले नसते. परत आत जाऊन तिसऱ्या वाहिनीसमोर उणे शंभर टक्के किंवा त्याजवळचा आकडा दिसतो का, ते डोळ्यांनी पाहावे. फ्रस्कायमध्ये अनेक रिसीव्हरवर स्टिक हव्या त्या स्थितीत धरून एफ/एस बटण थोडक्यात दाबले की स्थिती जतन होते. सर्व्हो थेट लावता येणाऱ्या एक्सप्रेसएलआरएस रिसीव्हरमध्ये वाय-फायवरील १०.०.०.१ या पत्त्याच्या पानावर प्रत्येक वाहिनीची स्थिती लिहिता येते.

थ्रॉटल बंद आणि बाकीचे कंट्रोल मध्यावर, ही नवशिक्यासाठी योग्य मांडणी आहे. अनुभवी लोक विमान दूर वाहत जाऊ नये म्हणून रडर किंचित एका बाजूला ठेवतात, ग्लायडरवाले स्पॉयलर (पंखावरच्या, उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडे ठेवतात. आपल्या विमानाचा स्वभाव कळेपर्यंत तेवढ्यात शिरू नये.

यानंतर खरी परीक्षा घ्यावी. प्रॉप काढलेलाच असावा, विमान कोणीतरी घट्ट धरलेले असावे. थ्रॉटल साधारण पाव भागापर्यंत न्यावे, मोटार फिरू द्यावी आणि त्याच स्थितीत ट्रान्समीटर बंद करावा. मोटार लगेचच थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली, तर हे विमान अजून उडवण्यायोग्य नाही. मग थ्रॉटल तळाशी आणून ट्रान्समीटर पुन्हा चालू करावा आणि संपर्क आपोआप जुळतो का तेही पाहावे. ही परीक्षा रिसीव्हर, ईएससी, फर्मवेअर यांपैकी काहीही बदलले तर, आणि रिसीव्हर पुन्हा बाइंड केला तर, नव्याने घ्यावी.

अँटेना आणि पल्ल्याची चाचणी

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि रिसीव्हरच्या अँटेनेचे टोकाकडचे, आवरण सोललेले सुमारे ३१ मिलिमीटर एवढेच खरे काम करतात. बाकीची तार फक्त तिथवर संकेत आणते. म्हणून अँटेना लांब वाटली तरी कापू नये, टोक दुमडू नये आणि ते बॅटरी, मोटारच्या जाड तारा किंवा कार्बन फायबरच्या नळीला चिकटवू नये, कारण कार्बन फायबर संकेत अडवते. आयए६बी ला दोन अँटेना आहेत. त्यांची टोके एकमेकींशी काटकोनात ठेवावीत, म्हणजे विमान वळले तरी दोन्हींपैकी एकीला तरी संकेत नीट मिळतो. फोमच्या विमानात टोकांसाठी दोन बारीक नळ्या चिकटवून त्यांत अँटेना सरकवणे हा सोपा आणि टिकाऊ उपाय आहे. ट्रान्समीटरच्या अँटेनेचे टोक थेट विमानाकडे रोखू नये, कारण टोकाच्या दिशेने संकेत सर्वांत क्षीण असतो. अँटेना आडवी वळवून धरावी.

पल्ल्याची चाचणी मोकळ्या मैदानावर, विमान जमिनीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवून करावी. ट्रान्समीटरमध्ये चाचणीसाठी शक्ती कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी. फ्रस्कायमध्ये अशा वेळी शक्ती सुमारे तिसाव्या भागावर येते, आणि स्पेक्ट्रमच्या पुस्तिका कमी शक्तीवर सुमारे तीस पावले, म्हणजे अदमासे २८ मीटर, दूर जाऊन तपासायला सांगतात. तुम्ही स्टिक हलवत चालावे आणि विमानाजवळच्या सोबत्याने प्रत्येक कंट्रोल सर्फेस सलग हलतो की मधेच थबकतो, ते ओरडून सांगावे. मग विमान चारही दिशांना वळवून हीच तपासणी करावी, कारण एका बाजूने उत्तम चालणारा संच बॅटरी मध्ये आल्यावर दुसऱ्या बाजूने कच खातो. आता प्रॉप परत बसवून, विमान घट्ट धरून आणि प्रॉपच्या रेषेत कोणीही उभे नसताना, मोटार अर्ध्या थ्रॉटलवर चालवत तेच करावे, कारण मोटारीचा आणि ईएससीचा विद्युत गोंगाट मोटार चालू असतानाच उमटतो. आय६ च्या पडद्यावर रिसीव्हरचे व्होल्टेज आणि चुकलेल्या संदेशांचे प्रमाण दिसते. मोटार चालू करताच हे प्रमाण झेपावत असेल, तर रिसीव्हर ईएससीपासून दूर सरकवावा, अँटेनेची जागा बदलावी आणि पुन्हा त्याच अंतरावरून मोजावे. मोटार बंद आणि मोटार चालू या दोन्ही स्थितींत अंतरात लक्षणीय फरक पडेनासा झाला, की त्या दिवशीचे पहिले उड्डाण करायला हरकत नाही.